मामांचा वारा

माझ्या आजोळी वाऱ्याला कोणी चांगले म्हटलेले मी लहानपणी कधी ऐकले नाही. पाटण तालुक्यात, वनकुसवड्याच्या पठारावर मामांचा थोडा सडा होता. समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरांवरचा तो जांभा दगड. खाली कोयनेचे पाणी, वर आभाळ आणि मध्ये नुसता वारा! आषाढात तो असा सुटायचा की, मामांच्या घरावरची कौले शेजाऱ्याच्या परसात जाऊन पडायची. नाचणी उभी राहिलीच, तर त्याच्यापुढे आडवी व्हायची. "ह्या वाऱ्यानंच आमचं वाटोळं केलं," असे मामा म्हणत.

म्हणून १९९९ साली 'वाऱ्याची जमीन पाहिजे' म्हणत काही माणसे जीपमधून आली, तेव्हा गावाला ती वेडीच वाटली. मामांनी मला पत्र घातले. घराण्यात शिकलेला आणि शहरात नोकरी करणारा असा मी एकटा. मी मोठ्या ऐटीत उलट टपाली कळवले, "नुसता खडक आहे, विकून टाका. असे गिऱ्हाईक पुन्हा मिळायचे नाही." माझे अक्षर चांगले आहे. मामांनी त्याच्यावर विश्वास ठेवला.

माणसे वेडी नव्हती, हे पुढे कळले. देशातले पहिले पवनऊर्जा प्रकल्प १९८६ साली उभे राहिले. त्यांतला एक आपल्या रत्नागिरीचा. तेव्हाच्या एकेका चक्कीची शक्ती अवघी ५५ किलोवॉट. पुढे यंत्रे मोठी झाली. शिवाय यंत्राची बरीचशी किंमत पहिल्याच वर्षी घसारा दाखवून आयकर वाचवता येऊ लागला. तेव्हा ज्यांनी जन्मात डोंगर चढला नव्हता, त्यांनाही वाऱ्याची गोडी लागली! आज २,००० किलोवॉटची चक्की कोणाला नवलाची वाटत नाही. साताऱ्यापासून धुळ्याकडच्या ब्राह्मणवेलपर्यंत त्या पसरल्या आणि ११ कोटींवर वस्तीच्या या राज्यात त्यांची क्षमता ५,००० मेगावॉटच्या पुढे गेली. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातली शक्ती आठपट होते. हे ज्यांना ठाऊक होते, ते मामांची उडालेली कौले पाहून मनातल्या मनात खूश झाले असतील.

मामांना आता प्रवास झेपत नाही. म्हणून गेल्या भाऊबीजेला आईच त्यांना ओवाळायला निघाली. आम्ही सारेच बरोबर गेलो. पठारावर पोहोचलो, तर चक्क्या स्वस्थ उभ्या. धाकटी मुलगी हिरमुसली. "बाबा, बिघडल्या का हो?"

बिघडल्या नव्हत्या. वाऱ्याचा खरा हंगाम जून ते सप्टेंबर. आपण घरोघर आकाशकंदील लावतो, तेव्हा त्याने आपले काम उरकलेले असते. मग कोळसा आणि कोयनेचे पाणी यांनाच दिवाळी साजरी करावी लागते!

संध्याकाळी ओसरीवर बसून मी मामांना शास्त्र सांगू लागलो. ही माझी जुनी खोड. बेट्झ नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने सुमारे १०० वर्षांपूर्वी दाखवून दिले की, चक्की कितीही चांगली असो, वाऱ्यातली शंभरातली ५९ हून थोडी अधिक एवढीच शक्ती तिला घेता येते.

"बाकीचा?" मामांनी विचारले.

"बाकीचा जाऊ द्यावा लागतो. सगळाच अडवला, तर मागच्या वाऱ्याला यायला वाट उरणार नाही."

मामा बराच वेळ पठाराकडे पाहत राहिले. मग हसून म्हणाले, "वाऱ्याला कायदा हाय म्हनायचा. जमीन घेनाऱ्याला न्हवता."

मला खाली पाहावे लागले. दुष्काळात याच गावाने 'चक्क्या ढग हाकलतात' म्हणून हाकाटी केली, तेव्हा मी शहरात बसून हसलो होतो. शास्त्र माझ्या बाजूचे होते. पण ज्याच्या डोक्यावर चक्की फिरते आणि पदरात काही पडत नाही, त्याने दुसरे काय म्हणावे? 'विकू नका, भाड्याने द्या' एवढे एक वाक्य मी त्या पत्रात लिहिले असते, तर मामांना वर्षाच्या वर्षाला काही मिळत राहिले असते.

"मामा, माझं चुकलंच."

"आरं, सल्ला म्या मागितला व्हता," मामा म्हणाले. "तू काय आपनहून दिला न्हाईस."

तेवढ्यात शेजारचा एक मुलगा हातात कागद घेऊन आला. त्याच्या सड्यालाही कोणी विचारणा केली होती. "दादा, जरा बगता का?" म्हणाला. मी चष्मा लावला आणि कंदिलाखाली सरकून एकेक ओळ वाचू लागलो. मामी दोनदा जेवायला बोलावून गेली. या वेळी मी ऐटीत काही सांगितले नाही, आधी विचारले, "बाळ, हे लोक भाड्याने घेतात का, याची चौकशी केलीस?"