तिसऱ्याचा वाटा

जुगार आणि गणित यांचे नाते पुरातन असले, तरी आमच्यासारख्या घरांत त्यांपैकी गणितालाच काय तो प्रवेश असतो. पत्ते निघतात ते दिवाळीत, आणि तेही बदाम सात नि मेंढीकोटापुरते. त्यामुळे थोरल्या बंधूंच्या चिरंजिवांनी पुण्याची नोकरी सोडून गोव्यास 'पोकर' खेळून चरितार्थ चालविण्याचा मानस बोलून दाखविला, आणि त्यासाठी रहिमतपूरच्या सामाईक शेतातील आपल्या हिश्श्याची किंमत रोख मागितली, तेव्हा घरात काय झाले त्याचे वर्णन मी करीत नाही. एकत्र कुटुंबात राहिलेल्या वाचकांस ते कल्पनेनेच कळेल.

मुलगा उनाड नव्हे. चांगला अभियंता आहे, पदरी दोन वर्षांची मुलगी आहे. गोवाच का, याचेही त्याच्याजवळ उत्तर होते. महाराष्ट्रात 1887 सालचा जुगार प्रतिबंधक कायदा आहेच; त्यात 2025 च्या ऑगस्टात संसदेने पैसे लावून ऑनलाइन खेळण्यावर बंदी घालणारा कायदा केल्यापासून घरबसल्या खेळण्याची वाटही मिटली. गोव्यातील कॅसिनोंना मात्र परवाने आहेत. "काका, हा नशिबाचा खेळ नव्हे, मी तुम्हांला संगणकावर सोडवून दाखवितो," असे तो म्हणाला. मी जन्मभर शाळेत गणित शिकविले, म्हणून दादांनी ती परीक्षा मजकडे सोपविली. चार रात्री आम्ही दोघे माडीवर बसलो.

हे 'सॉल्व्हर' म्हणून जे कार्यक्रम असतात ते आपण होऊन काहीच ठरवीत नाहीत. सगळा डाव आधी आपण मांडून द्यावा लागतो. प्रत्येक खेळाडूच्या हाती दोन झाकली पाने. अशा जोड्या 1,326 होतात. त्यांपैकी कोणत्या जोड्या घेऊन कोण खेळत राहील, मध्ये उघडी पाने कोणती, पटावर रक्कम किती, दोघांजवळ शिल्लक किती, बोली पटाच्या एक तृतीयांश करता येईल की पाऊणपट, हे सर्व रकाने भरावयाचे. पर्याय वाढवावेत तसतशा झाडाला फांद्या फुटतात आणि संगणकाची स्मृती अपुरी पडू लागते. मग यंत्र स्वतःशीच पुनःपुन्हा खेळते, जेथे तोटा दिसेल तेथे आपले वर्तन सुधारते, आणि एकट्याने चाल बदलून कोणाचाच फायदा होणार नाही अशा स्थितीजवळ येऊन थांबते. या स्थितीचे अस्तित्व जॉन नॅश याने 1950 साली सिद्ध केले.

मला विशेष आनंद झाला तो यंत्राची थाप पाहून. शेवटच्या फेरीत पटावर 1,000 रुपये आहेत आणि एकाने 1,000 ची बोली केली, असे धरा. समोरच्याने 1,000 घालून 2,000 मिळवावयाचे. बोली करणाऱ्याच्या तीन बोलींपैकी एक पोकळ असली, तर समोरच्याचे नफानुकसान बरोबर शून्य होते. धरले काय नि सोडले काय, सारखेच. थाप मारण्याचेही प्रमाण असते, हे वर्गात शिकवावयास मिळाले असते तर मुले जागी राहिली असती!

तिसऱ्या रात्री एका रकान्याकडे माझे लक्ष गेले. तेथे शून्य होते. "हे काय?" "तो 'रेक', काका. सरावाच्या मांडणीत शून्यच ठेवतात." रेक म्हणजे आपल्याकडील अड्डेवाल्याची नाल. कौटिल्याने अर्थशास्त्रात द्यूताध्यक्षाने जिंकलेल्या द्रव्यातून शेकडा पाच घ्यावेत असे सांगितले आहे, आणि आजच्या टेबलांवरही पाच टक्के हा परिचित दर आहे. नल आणि पुष्कर यांच्या द्यूतात असा तिसरा कोणी नव्हता. म्हणून ऋतुपर्णाकडून अक्षहृदय शिकणे नलाला पुरले.

पाच भरून वरचाच हिशेब पुन्हा केला. पट 3,000 चा झाला, त्यातले 150 गेले. जिंकणाऱ्यास 2,000 ऐवजी 1,850 मिळाले, आणि शून्यावर असलेला तो प्रसंग दर खेपेस सरासरी 50 रुपये तोट्याचा झाला. मग आम्ही सबंध टेबल मांडले. सहा जण, प्रत्येकाचे 20,000. तासाला 25 डाव. डावामागे सरासरी 150 ची नाल धरली, तर आठ तासांत 30,000 रुपये टेबलावरून उठून जातात. एकूण 1,20,000 पैकी चौथाई!

मुलगा गप्प बसणारा नव्हे. "आणि आपण आले लावतो तो जुगार नव्हे काय?" असे त्याने विचारले. प्रश्न खोटा नाही. आल्याच्या भावाने या कोरेगाव तालुक्यात माड्या चढविल्या आहेत आणि उतरविल्याही आहेत. परंतु आमच्या वडिलांच्या काळच्या पट्ट्या अजून ट्रंकेत आहेत. त्यांवर आडत, हमाली, तोलाई एकाखाली एक वजा केलेली असून मगच हाती आलेली रक्कम लिहिली आहे. मी त्या आणून त्याच्यापुढे ठेवल्या. त्याने बराच वेळ पाहिल्या.

त्याची बाजूही सांगितली पाहिजे. यंत्र निर्दोष प्रतिस्पर्धी धरून चालते. गोव्यास सहलीला आलेला हौशी गृहस्थ तसा नसतो, आणि त्याच्या चुकांतून नाल भरून वर काही उरणे अशक्य नाही. मात्र ते किती, हे मांडणीतून निघत नाही. शिवाय आमचा कार्यक्रम दोघांचाच डाव सोडवितो, टेबलावर बसतात सहा. सूनबाई इतका वेळ काही बोलल्या नव्हत्या. त्यांनी एवढेच विचारले की, हरलेल्या महिन्यात घराचा हप्ता कोणत्या रकान्यात बसतो.

दादांनी शेत विकण्यास नकार दिला. खेळू नकोस असे मात्र म्हटले नाही. नोकरी सांभाळून, स्वतःच्या शिलकीतून सहा महिने रजेच्या दिवशी खेळावे आणि वही दाखवावी, असे ठरले. वहिनींना ते मान्य नाही, आणि त्या तसे रोज सांगतात.

परवा त्याचा फोन आला. काही ठिकाणी पटातून नाल न घेता तासावर खुर्चीचे भाडे घेतात, ते सॉल्व्हरमध्ये कोठे भरावे, असे विचारीत होता. तसा रकाना त्यात नाही. मी त्याला म्हटले, "वहीत लिही, प्रवासखर्चाच्या वर."