फुटाला एक सूत

माझ्या आबांनी सगळी उमर लाकूड कापण्यात, तासण्यात, कोरण्यात घालवली आणि आमच्या घरात त्यांच्या हातची एकही वस्तू नाही. पाट नाही, देव्हारा नाही, साधी खुंटीसुद्धा नाही. लहानपणी मी आजीला विचारलं, तर ‘जगाचं करता करता घरचं राहिलंच बघ’ म्हणून तिनं विषय संपवला. वडील शिकून सरकारी नोकरीला लागले. हत्यारांची पेटी सुतारवाड्यातल्या जुन्या घरात खाटेखाली गेली आणि तिथंच राहिली.

कोल्हापूरकरांना सुतारवाडा माहीत असतो तो दोन कारणांनी. एक म्हणजे नाव, आणि दुसरं म्हणजे पूर. पंचगंगा पात्राबाहेर पडली की शहरात ज्या वस्त्यांत आधी पाणी शिरतं त्यांत सुतारवाडा असतोच. मग माणसं चित्रदुर्ग मठात हलवतात, पेपरात फोटो येतो. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका, हे आकडे इथल्या पोरांना पाढ्यांसारखे पाठ असतात. २०१९च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या पुढं गेलं. घरातली माणसं, कागदपत्रं, गॅसची टाकी, टीव्ही सगळं बाहेर निघालं. पेटी कुणाला आठवली नाही.

पाणी ओसरल्यावर ती उघडली तेव्हा आत मऊ, काळपट गाळ होता आणि त्यात लोखंड कुठलं, लाकूड कुठलं हे कळत नव्हतं. भंगारवाला दारात उभाच होता. पुरानंतर सगळ्या पेठांतून त्यांची चांदी असते. मी पेटी कळंब्याच्या माझ्या फ्लॅटवर आणली. का आणली, याचं काही उदात्त कारण माझ्याकडे नाही. सागवानी पेटी होती, घासून-पुसून हॉलमध्ये टीपॉय म्हणून बरी दिसेल असं वाटलं.

हत्यारं साफ करताना मात्र मी अडकले. गंज काढायची सोपी पद्धत अशी, की लाकडी मुठी काढता येतात तेवढ्या काढायच्या, लोखंड रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवायचं, सकाळी तारेच्या ब्रशनं घासायचं, सोड्याच्या पाण्यातून काढायचं, खडखडीत वाळवायचं आणि लगेच तेलाचा हात द्यायचा. सोडा विसरला तर आंबटपणा राहतो आणि दुपारपर्यंत पुन्हा तांबूस साय धरते. घासता घासता एका पटाशीवर ‘शेफील्ड’ अशी अक्षरं वर आली. इंग्लंडातल्या त्या गावाचं पोलाद एके काळी जगभरच्या सुतारांच्या पेट्यांत असे. ते आपल्या बाल्कनीतल्या बादलीतून निघावं याची गंमत वाटली. मुठीवर आबांच्या नावाची दोन अक्षरं खिळा तापवून डागलेली होती.

आता हे वापरायला शिकायचं ठरवलं. ओळखीतून एक निवृत्त मेस्त्री सापडले. वय पंच्याहत्तरीच्या पुढं, उद्यमनगरात आयुष्य गेलेलं. मी त्यांना मामा म्हणते. पहिल्या दिवशी त्यांनी पेटीतली सगळी हत्यारं चटईवर मांडायला लावली आणि बराच वेळ नुसते बघत बसले. दोन लाकडी रंधे, एक बिडाचा रंधा, करवती, गुण्या, गिरमिट, मोगरी. सरळ पटाश्या चारच आणि गोल पटाश्या मात्र वीसच्या वर. शिवाय चिंचोक्याएवढ्या फुगीर बुडाचे इवलेसे रंधे, काळ्या पडलेल्या मेणाचा गोळा आणि एका तंबाखूच्या डबीत शिशाची इंग्रजी अक्षरं.

‘‘ह्यात वाकस कुठाय?’’ मामांनी विचारलं.

नव्हताच. पुरात गेला असेल, असं मी म्हटलं.

‘‘एवढी बारकी अक्षरं ऱ्हायली आन् वाकस तेवढा गेला व्हय? वाकसाबिगर सुतार आसतोय का कुठं? आगं, ही सुताराची पेटीच न्हवं. पॅटर्नवाल्याची हाय.’’

मग त्यांनी आबांची दोन फुटी पोलादी पट्टी उचलली आणि माझी नवीकोरी पट्टी तिच्या शेजारी ठेवली. शून्याला शून्य जुळवलं. दुसऱ्या टोकाला आबांची पट्टी बाहेर आलेली. दोघींवर आकडा २४, पण आबांचे २४ इंच दोन सूत जास्त भरत होते. ‘जुनी आहे, घासली असेल,’ असं मी म्हणाले. मामा खो खो हसले. ‘‘घासली तर आखूड हुईल. लांब कशी हुईल?’’

सुतारकामात इंचाचे आठ भाग धरतात, एक भाग म्हणजे एक सूत. तापून पातळ झालेलं बीड साच्यात ओतलं की थंड होताना आकसतं, फुटामागे साधारण एक सूत. पितळ दीड सूत. पोलाद तर दोन सूत. म्हणजे एक फुटाची बिडाची वस्तू हवी तर तिचा लाकडी नमुना, ज्याला सगळी फाउंड्री पॅटर्न म्हणते, एक फूट एक सूत लांबीचा करावा लागतो. प्रत्येक मापाला असा हिशेब करत बसलं तर कुठंतरी चुकणारच. म्हणून पॅटर्नवाले पट्टीच ताणलेली वापरतात. तिच्यावरचा प्रत्येक इंच मुळातच किंचित मोठा असतो. डोक्यात काही ठेवायचं नाही, हिशेब हत्यारात घालून मोकळं व्हायचं. मला ही कल्पना इतकी आवडली की त्या दिवशी बाकी काही शिकण्यात माझं लक्ष नव्हतं.

आकसणं हा एकच हिशेब नाही. पॅटर्न वाळूत दाबतात, भोवती वाळू ठोकून बसवतात आणि मग तो अलगद वर काढतात. उरलेल्या पोकळीत बीड ओततात. बाजू अगदी सरळ उभ्या असतील तर निघताना वाळूच्या कडा ढासळतात, म्हणून प्रत्येक उभ्या बाजूला एखाद-दोन अंशांचा उतार द्यायचा. पुढं लेथवर जिथं कातकाम होणार तिथं जादा जाडी ठेवायची. आतले कोपरे तीक्ष्ण ठेवले तर ओतीव वस्तूला तिथंच चीर जाते, म्हणून ते मेणानं भरून गोल करायचे. मेणाचा गोळा त्यासाठी होता. जिथं वस्तू पोकळ हवी तिथं वाळूचा गाभा लागतो, तो घडवायला वेगळा लाकडी डबा कोरायचा. त्यासाठी त्या सगळ्या गोल पटाश्या, आणि म्हणूनच त्यांचा उतार बाहेरून नसून आतून घासलेला. बाहेरची बाजू सरळ राहिली की पटाशी खोल पोकळीत भिंतीला चिकटून खाली उतरते.

शिशाची अक्षरं पॅटर्नवर ठोकायची होती. ती वाळूत उमटत आणि तिथून बिडावर उठावात येत. इंजिनावर कारखान्याचं नाव यायचं ते असं. पॅटर्न कुणी केला ते कुठंच येत नसे.

आबांच्या हातची वस्तू घरात का नाही, ते कळलं. त्यांनी केलेल्या कुठल्याच वस्तूचं घरात काही काम नव्हतं. उसाच्या चरकाचे भाग, ऑइल इंजिनाचं चाक, पंपाचं पोट हे सगळं ते आधी सागवानात आणि देवदारात करायचे. मग बिडाची प्रत गुऱ्हाळावर, नदीकाठच्या मळ्यात जायची आणि लाकडी मूळ फाउंड्रीच्या माळ्यावर पडून राहायचं, पुन्हा ऑर्डर येईपर्यंत. मामांच्या ओळखीनं मी एक असा माळा पाहिला. लाल-काळ्या रंगाचे शेकडो आकार, धुळीत, एकावर एक. आता नवे पॅटर्न ॲल्युमिनियमचे किंवा रेझिनचे होतात आणि ते संगणकावर चालणारं यंत्र कापतं. जुने लाकडी जळणात जातात. मामांना त्याचं दुःख आहे असं मला वाटत होतं, पण ते म्हणाले, ‘‘मशीन झकास करतंय की. आमच्यासारखं तंबाखू मळत बसत न्हाई.’’

या गावात लाकूडकामातून भलतंच काही निघणं नवं नाही. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे, त्याच्या शेजारून रोज हजारो दुचाक्या जातात. तो बाबूराव पेंटरांच्या सिनेमा-कॅमेऱ्याची आठवण. त्यांचं मूळ आडनाव मेस्त्री. वडील सुतारकामापासून चित्रकलेपर्यंत सगळ्यात हात असलेले. बाबूराव आणि आनंदराव या दोघांनी सिनेमाचा कॅमेरा इथंच घडवायचा घाट घातला. १९१६ मध्ये आनंदराव गेले. पुढं बाबूरावांनी सहकारी दामल्यांच्या साथीनं तो पुरा केला आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. लोक यात प्रतिभा बघतात, ती आहेच. पण मला आता त्यात कानसही दिसते, आणि सुताच्या दहाव्या भागासाठी तासन् तास घासणारा हात दिसतो.

तो हात कसा तयार होतो ते सांगते, कारण माझं सगळ्यात जास्त शिक्षण त्यातच झालं. मामांनी मला लाकडाला हात लावू दिला नाही. आधी हत्यार पाजवायला बसवलं. पटाशीची सपाट बाजू आरशासारखी होईपर्यंत घासायची. जाड काचेवर पॉलिश पेपर चिकटवून ते करता येतं. मग उतार. त्याचा कोन मोजायला काही लागत नाही. पात्याच्या जाडीच्या दुप्पट लांबीचा उतार ठेवला की तीस अंश बरोबर येतात. निसण्यावर पातं मागे-पुढे नेताना मनगट डोललं की कोन गेला. म्हणून मनगट बांधल्यासारखं ठेवून कमरेतून हलायचं. धारेच्या पाठीला बोट लावल्यावर बारीक खरखर लागली की समजायचं, या बाजूचं झालं. ती खरखर उलट बाजूला दोन हात मारून काढून टाकायची.

हातावरचे केस कापून धार दाखवण्याला मामा पोरखेळ म्हणतात. त्यांची परीक्षा वेगळी. देवदाराचा तुकडा उभा धरायचा आणि त्याच्या तोंडावरून, म्हणजे रेषा जिथं संपतात त्या बाजूनं, पातळ काप काढायचा. बोथट पटाशी तिथं तंतू चुरडते आणि लाकूड पांढरट, खरबरीत दिसतं. धारदार पटाशी गेली की तिथं चकाकी येते. कठीण लाकडावर कुठलीही पटाशी जोर लावून चालवता येते, मऊ लाकूड मात्र खोटं बोलू देत नाही. आबांच्या पटाश्यांनी ही परीक्षा सहज दिली. मी दुकानातून आणलेल्या पटाशीला बराच वेळ लागला. मग मामांनी आबांच्या पटाश्या बाजूला ठेवायला लावल्या. तयार धारेवर शिकणं म्हणजे उताराला सायकल शिकणं, असं त्यांचं मत.

करायला घेतलेली पहिली वस्तू म्हणजे पाट. मामांना मी स्टूल करायचं म्हटलं होतं, त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. लाकूड एका पाडलेल्या वाड्याचं, जुनं सागवान. मामांनी त्यावरून आधी लोहचुंबक फिरवलं, मोडलेले खिळे आत राहिलेले असतात. सागवान दिसायला सालस, पण त्यात वाळूसारखा कठीण अंश असतो आणि तो धार खातो. रंध्याचं पातं मी दर थोड्या वेळानं काढून पाजवत होते. रेषा कुठल्या बाजूला चढतात ते फळीच्या कडेवरून ओळखायचं आणि त्याच दिशेनं रंधा मारायचा. उलट गेलं की ढलप्या उडतात. बरोबर गेलं की अखंड, कुरळा पापुद्रा निघतो आणि आवाजच बदलतो. आता मी आवाजावरून ओळखते.

पाटासारख्या साध्या वस्तूत एक मेख आहे. फळीच्या रेषा लांबीत जातात आणि खालच्या दोन पट्ट्या आडव्या बसतात. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, पण रुंदीत फुगतं आणि आकसतं. जुलैत कोल्हापूरची हवा अशी असते की कपाटाचे खण उघडत नाहीत, आणि एप्रिलमध्ये त्याच खणात बोट जाईल एवढी फट पडते. पट्ट्या फळीला सगळीकडून पक्क्या केल्या तर फळीला हलायला जागा मिळत नाही आणि ती मधोमध तडकते. घरोघरच्या पाटांना मधून गेलेली चीर असते ती पुष्कळदा यामुळं. म्हणून मधला स्क्रू घट्ट, आणि कडेच्या स्क्रूंची भोकं लांबट ठेवायची. मला हे पॅटर्नच्या पट्टीचंच भावंड वाटलं. लोखंड आकसणार, लाकूड फुगणार, ते आधीच गृहीत धरून काम करायचं.

पट्ट्यांची तोंडं जमिनीलगत असतात. तिथून लाकूड पाणी पितं, नळीतून प्यावं तसं. अंबाबाईच्या देवळातला गरुड मंडप याच दुखण्यानं धोकादायक झाला. सागवानी खांब तळाशी कुजले आणि मंडप उतरवून नव्यानं उभारायचं काम हाती घ्यावं लागलं. मी पट्ट्यांच्या तोंडांना अळशीचं तेल जिरेल तेवढं जिरवलं.

पाट आईकडे नेला. तिनं बसून बघितलं आणि पहिला शब्द काढला, ‘‘डुगडुगतोय गं.’’ डुगडुगत होता, एका कोपऱ्यात अर्धं सूत. सपाट दगडावर ठेवून उंच कोपरा शोधला, रंध्याचे दोन हात मारले, बसला. आता ती त्यावर बसून भाजी निवडते, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला पाट उलटा करून लांबट भोकं दाखवते, हे मात्र मला जरा अती वाटतं.

मामांनीही तो उलटाच करून पाहिला. वरच्या चकाकीकडे ढुंकून बघितलं नाही. ‘‘पट्टी कुठली वापरलीस?’’ त्यांनी विचारलं.

‘‘नवी. आबांची नाही.’’

‘‘बरं केलंस. आता स्टूल घे. पण स्क्रू न्हाई हां, कुसू. स्क्रू काय, कुणीबी मारतंय.’’

चार पाय कापून ठेवलेत. कुसवासाठी खोल चौकोनी भोक पाडायला जाड पात्याची, मोगरीचे घाव सोसणारी पटाशी लागते. आबांच्या पेटीत ती नाही, त्यांना कधी लागलीच नसणार. रविवारी लक्ष्मीपुरीत जाऊन आणायची आहे.