वीस टन ऊस आणि वीसचा वेग

दिवाळीचा फराळ डब्यांच्या तळाशी गेला की सोलापूर जिल्ह्यातल्या रस्त्यांचा नूर पालटतो. कारखान्यांचे बॉयलर पेटतात, बीडकडच्या तोडणीच्या टोळ्या कोयते घेऊन उतरतात, आणि मोहोळ, टेंभुर्णी, पंढरपूर या रस्त्यांवर एक लांबलचक वरात दिसू लागते. पुढे ट्रॅक्टर, त्याच्या मागे ट्रॉली, तिच्या मागे आणखी एक ट्रॉली, आणि दोन्हींवर उसाच्या मोळ्यांचा एवढा डोंगर, की मागून येणाऱ्याला ट्रॅक्टर दिसतच नाही. त्याच्यावर लावलेलं गाणं मात्र फर्लांगभर ऐकू येतं.

ज्यांनी सोलापूर शाळेच्या भूगोलातून पाहिलं, त्यांना हा जिल्हा चादरींचा, ज्वारीचा आणि दुष्काळाचा म्हणून ठाऊक असतो. त्यात खोटं काही नाही. माळीनगर आणि श्रीपूर इथले साखर कारखाने तसे जुने, 1930 नंतरच्या दशकातले. पण उसाचं राज्य खरं पसरलं ते भीमेवरचं उजनी धरण 1980 साली पुरं झाल्यावर. कालव्याचं पाणी जिथवर गेलं तिथवर ऊस गेला, आणि आज महाराष्ट्रातले सर्वांत जास्त साखर कारखाने याच एका जिल्ह्यात आहेत. एकेकाळी जिथे छावण्या पडत, तिथे आता मोटारवाल्यांना उसाच्या गाड्यांमुळे खोळंबावं लागतं. नशिबाचे फेरे म्हणतात ते हेच!

मोटारीच्या मागे घर जोडून सहलीला निघायची हौस युरोप-अमेरिकेत फार. आपल्या सरकारनेही 2021 साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं आहे. तिकडे या ओढून न्यायच्या घरांसाठी वेगाचे वेगळे नियम आहेत. इंग्लंडात मोटारवेवर एरवी मोटारीला ताशी 70 मैल, मागे कॅरॅव्हॅन असली की 60. जर्मनीत मागे काही जोडलं की 80 किलोमीटर, आणि गाडी व तिची जोडणी खास कसोट्यांना उतरली तरच 100. पण वाचकहो, चाकांवरचं घर पाहायला एवढ्या लांब जायला नको. हंगामाच्या तोंडाला बीडहून येणारी टोळी पाहावी. ट्रॉलीत भांडीकुंडी, पत्र्याची पेटी, चटया, सरपण, दोन शेळ्या, डालग्यात कोंबड्या, आणि या सगळ्यावर बसलेली म्हातारी नि पोरं. चार-पाच महिन्यांचा संसार एका लोखंडी पिनेवर लटकलेला असतो. या घराचा वेग ठरवतो ट्रॅक्टरवर बसलेला एक तरुण, आणि त्याच्यापुढे वेगाचं कोष्टक कुणी ठेवलेलं नसतं.

तो कसा ठरवतो हे जाणून घ्यावं म्हणून मोहोळ तालुक्यातल्या एका कारखान्याच्या आवारात नंबर लावून उभ्या असलेल्या ट्रॅक्टरवाल्यांशी गप्पा मारत बसलो. गव्हाणीपर्यंत पोचायला कधी कधी निम्मा दिवस जातो, तेव्हा गप्पांना तोटा नसतो. त्यांतला एक, चाळिशीचा, कानात बाळी घातलेला, म्हणाला, “साहेब, ट्रॅक्टर आपन हाकतो असं तुमाला वाटतंय. पर भरल्याली ट्रॉली आपल्याला हाकती. म्होरं वडायचं सोपं हाय. मागनं ढकलाय लागली की मग बगायचं.”

या एका वाक्यात सगळं शास्त्र आलं. ट्रॅक्टर स्वतः दोन-अडीच टनांचा. मागे दोन ट्रॉल्यांत मिळून वीस टनांच्या आसपास ऊस, आणि ब्रेक बहुधा फक्त ट्रॅक्टरला. म्हणजे आठ-नऊ माणसांच्या वजनाचा रेटा एका माणसाने पाय रोवून थांबवावा, तसला प्रकार. सपाटीवर सरळ जाताना हे खपून जातं. जरा वळणावर जोरात ब्रेक दाबला, की ट्रॅक्टर थांबू पाहतो, ट्रॉली थांबत नाही. ती मागून रेटते आणि ट्रॅक्टरची मुंडी मुरगळल्यासारखी आडवी होते. वेग वाढवला तर हा रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो. वीसचे तीस केले तर थांबवायची ताकद सव्वादोनपट लागते आणि वीसचे चाळीस केले तर चौपट. चढावर याच्या उलट संकट. मागचा भार ओढताना ट्रॅक्टरचं तोंड वर उचलतं आणि पुढची चाकं जमिनीला टेकेनाशी झाली की स्टिअरिंग नुसतं शोभेला उरतं.

“सोलापुरात कुठले आले चढ-उतार?” असं कुणीही विचारील. जिल्ह्यात घाट नाही ही गोष्ट खरी. पण ओढ्याकडे उतरणारे रस्ते आहेत, आणि पुणे-सोलापूर रस्ता चौपदरी झाल्यापासून गावोगावी उड्डाणपूल आले आहेत. पुलाची उतरण म्हणजे आमच्या कानबाळीवाल्याच्या मते खरी परीक्षा. डिझेल वाचवायला काही पोरं तिथे गाडी न्यूट्रल करून सोडून देतात. इंजिनाचा जो काही अटकाव असतो तोही मग सुटतो, आणि एरवी वरच्या गिअरातही तीस-पस्तीसच्या पलीकडे न जाणारा ट्रॅक्टर बघता बघता त्याच्या आवाक्याबाहेर धावू लागतो. त्या वेगात दोन ट्रॉल्या झोले खायला लागतात. पहिली थोडी झुलते, दुसरी तिच्यापेक्षा जास्त. चालक स्टिअरिंगने सावरायला जातो आणि झोला आणखी वाढतो. कानबाळीवाल्याचा रिवाज असा, की उतार दिसला की माथ्यावरच खालचा गिअर टाकायचा. उतरणीला लागल्यावर गिअरला हात लावायचा नाही. भरलेली गाडी पंधरा ते वीस, त्यावर नाही. त्याच्या जोडीदारांतले दोघे यावर हसले. वाहतुकीचा पैसा टनावर आणि अंतरावर मिळतो. खेपा वाढल्या तर ट्रॅक्टरचा हप्ता फिटतो. शिवाय तोडलेला ऊस पडून राहिला तर त्याचं वजनही घटतं आणि साखरही. घाई करायला कारणं पुष्कळ आहेत, आणि ती सगळी पोटापाण्याची आहेत.

इथवर झाली ट्रॅक्टरवाल्याची बाजू. आता आपली, म्हणजे मुलाबाळांसह अक्कलकोटला, तुळजापूरला, पंढरपूरला निघालेल्या मोटारवाल्यांची. 2018 सालापासून चौपदरी दुभाजकाच्या रस्त्यावर मोटारीला ताशी 100 किलोमीटरची मुभा आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर ट्रॅक्टरला मज्जाव आहे, इथे नाही. आणि असायचं कारणही नाही, शेत रस्त्याच्या या कडेला नि कारखाना त्या कडेला. तेव्हा एकाच रस्त्यावर शंभरची मोटार आणि वीसची ट्रॉली. रात्रीच्या वेळी समोरून गाडी येते म्हणून आपण दिवे खाली पाडतो. त्यांचा उपयोगी उजेड पन्नास मीटरच्या आसपास. ऐंशीच्या फरकाने आपण त्या न दिसणाऱ्या उसाकडे सेकंदाला 22 मीटर सरकत असतो. पायाला ब्रेक सापडेपर्यंत एक-दीड सेकंद, म्हणजे 22 ते 33 मीटर गेले. करकचून ब्रेक लावून वेग वीसवर आणायला आणखी चाळीस. बेरीज साठ-सत्तरच्या घरात आणि हातात पन्नास! हेच आपण साठाने जात असू, तर विचाराला पंधरा आणि ब्रेकला दहा मीटर; पंचविसात काम भागतं आणि गाडीतल्या आजीबाईंची डुलकीसुद्धा मोडत नाही.

ट्रॉलीला तांबडे रिफ्लेक्टर लावण्याची मोहीम दर हंगामाला निघते, आणि त्याचा उपयोगही होतो. पण बाहेर लोंबणारी वाढी त्या तांबड्या पट्टीवर येऊन पडली की पट्टी असून नसल्यासारखी. ट्रॅक्टरवाल्याला ती दिसत नाही. ती त्याच्या पाठीमागे दोन ट्रॉल्या पलीकडे असते. थांबल्यावर खाली उतरून मागपर्यंत चालत जाणं आणि पट्टीवरची पानं कोयत्याने छाटणं, एवढ्या कामाला दोन मिनिटं लागतात. कानबाळीवाला ते प्रत्येक खेपेला करतो. मी त्याच्याबरोबर मागपर्यंत चालून पाहिलं.

पाडव्यानंतर दहा-अकरा दिवसांनी कार्तिकी येते. तेव्हा याच रस्त्यांवर पंढरीला निघालेल्या दिंड्या असतात. खांद्यावर पताका, डोक्यावर तुळस, आणि पहाटेच्या अंधारात कडेकडेने चालणारी माणसं. त्यांचा वेग तासाला चार-पाच किलोमीटर. ट्रॉली त्यांना वळसा घालायला मधल्या पट्ट्यात येते, आणि मागच्या मोटारीला तिच्या मधे येण्याचं कारण दिसत नाही, नुसती ती आड आलेली दिसते. मोटारवाला हॉर्न दाबून धरतो. पुढे गाणं चालू असतं, त्यामुळे तो कुणाला ऐकू जात नाही.

निघताना मी विचारलं, भरलेल्या गाडीपेक्षा जास्त भीती कशाची वाटते? मला वाटलं होतं उड्डाणपूल म्हणेल. तो म्हणाला, “रिकाम्या ट्रॉलीची.” ऊस उतरला की गाडी हलकी होते, मन हलकं होतं, घराची ओढ लागते आणि पाय ॲक्सिलरेटरवर जातो. रिकामी ट्रॉली खड्ड्यागणिक उडते, चाकं रस्ता सोडतात, आणि ती भरलेलीपेक्षा जास्त झुलते. शिवाय रात्री भरलेल्या गाडीचा पांढुरका ऊस उजेडात थोडा तरी चमकतो. रिकाम्या ट्रॉलीचं लोखंड डांबराच्या रंगाचं. म्हणून परतीला तो दुसरी ट्रॉली सोडवून कारखान्यात ठेवत नाही, पण तिच्या मागच्या फळीला चुन्याचा पांढरा पट्टा मारतो. चुन्याचा डबा आणि कुंचला त्याने मला सीटखालून काढून दाखवला.