अर्धे राहिलेले वाक्य

आपल्या शाळेत इंग्रजी शिकवताना बरीच वर्षे आमची एकच श्रद्धा होती : आधी वाक्यरचना, मग बोलणे. आमचे स्वतःचे इंग्रजी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर आणि फळ्यावरच्या तक्त्यांवर घडलेले. त्यामुळे दार उघडीत आणि लावीत ‘आय ॲम ओपनिंग द डोअर’ हे वाक्य आम्ही वर्गाकडून शंभरदा म्हणवून घेत असू. माजी विद्यार्थ्यांना त्या दाराची करकर अजून आठवत असेल. मुले चुकत नसत. मात्र एकदा बाहेरगावच्या पाहुण्यांनी ‘आज काय जेवलात?’ असे साध्या इंग्रजीत विचारले, तेव्हा सातवीचा सारा वर्ग आमच्या तोंडाकडे पाहू लागला. ते वाक्य आम्ही अजून शिकवलेच नव्हते!

मग आम्ही दुसऱ्या टोकाला गेलो. रोज संध्याकाळी वसतिगृहाच्या ओट्यावर अर्धा तास इंग्रजीतून मोकळ्या गप्पा सुरू केल्या. बोलत कोण? धीट अशी चार-पाच मुले. बाकीची ‘येस’ आणि ‘नो’ यांच्या आड बसत. बोलणाऱ्यांच्या तोंडीही ‘आय ॲम गो’, ‘आय ॲम लाइक’ पक्के होत गेले. दोष त्यांचा नव्हता. आमच्या तक्त्यांवरूनच ‘आय ॲम’ हा एक अखंड शब्द असून त्याचा अर्थ ‘मी’, असा त्यांनी समज करून घेतला होता.

याच ओट्यावर एका संध्याकाळी, कधीही न बोलणारी एक मुलगी उभी राहिली. आईवडील दसऱ्यानंतर ऊसतोडीला जाणारे. ती म्हणाली, “माय फादर गो टू कट शुगरकेन. माय मदर ऑल्सो. आय...” आम्ही तत्परतेने म्हणालो, “गोज.” ती “गोज” म्हणाली आणि खाली बसली. ‘आय’च्या पुढे काय होते, ते आम्हाला कळले नाही. व्याकरणाच्या दृष्टीने आमचे बरोबर होते. पण त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही.

पुढे एन. एस. प्रभू यांच्या बंगळूर प्रकल्पाविषयी वाचनात आले. १९७९ ते १९८४ या काळात दक्षिणेतील काही शाळांत त्यांनी वाक्यरचनांचा क्रम बाजूला ठेवून मुलांपुढे नकाशे, वेळापत्रके अशी कामे ठेवली. मन अर्थात गुंतले की व्याकरण नकळत आत रुजते, हे त्यांचे गृहीतक. आम्हाला अधिक भावली ती त्यातली शिस्त : शिक्षक आधी साऱ्या वर्गाला घेऊन एक काम करी, मग तसेच दुसरे मुले आपापली करीत. म्हणजे गप्पांना कुंपण होते, पण ते कामाचे होते.

आम्ही एस. टी.चे वेळापत्रक वर्गात आणले. सकाळची गाडी चुकली तर गावी केव्हा पोहोचाल? हिशेबात हुशार मुले इंग्रजीत भांडू लागली. आम्ही मध्ये बोलायचे नाही असे ठरवले. चुका वहीत टिपायच्या आणि दुसऱ्या दिवशी पहिली दहा मिनिटे त्यांचाच सराव घ्यायचा. तक्ते आम्ही टाकले नाहीत. प्रभूंना हे कदाचित रुचले नसते, पण आमच्या मुलांना तो आधार लागतो, हा आमचा अनुभव. फरक इतकाच, की आता बोलणे पुढे आणि तक्ता त्याच्या मागे. कधी मुलेच आम्हाला अडवीत. कोयत्याला काय म्हणायचे? मोळीला? वाढ्याला? वाढ्याला आमच्यापाशी शब्द नव्हता. मग उसाच्या शेंड्याचा हिरवा पाला असे लांबलचक वर्णन सर्वांनी मिळून जुळवले.

त्या मुलीने मात्र ती हकीकत पुन्हा सांगितली नाही. दहावीला तिला इंग्रजीत चांगले गुण मिळाले आणि ती शाळेतून गेली. ही स्मरणिका तिच्या हाती पडलीच, तर तिने ‘आय’च्या पुढचे आम्हाला लिहून कळवावे. कोणत्याही भाषेत चालेल.