शाउइन्सलांडवर सातारची हवा

सातारचे मामा-मामी उन्हाळ्यात आमच्याकडे फ्रायबुर्गला आले होते. पाहुण्यांना दाखवायचे ते सगळे दाखवून झाल्यावर एका रविवारी आम्ही त्यांना घेऊन शाउइन्सलांडवर गेलो. ब्लॅक फॉरेस्टमधला हा १२८४ मीटरचा डोंगर. नावाचा अर्थच ‘देश बघ’. वर जायला १९३० सालापासूनचा रोप-वे आहे. साडेतीन किलोमीटरचा तो प्रवास मामींनी डोळे मिटून, रामरक्षा म्हणत पुरा केला. माथ्यावरची बीचची झाडे वाऱ्याने एकाच बाजूला वाकलेली, जणू कुणी कंगवा फिरवलाय. थालीपिठांचा डबा उघडला आणि वरचा कागद थेट फ्रान्सच्या दिशेने गेला!

“एवढा वारा, मग आमच्या चाळकेवाडीसारख्या पवनचक्क्या का नाहीत रे इथं?” मामांनी विचारले.

अगदीच नाहीत असे नाही. याच डोंगराच्या उतारावर २००३ साली दोन उभ्या राहिल्या होत्या. पण उत्तर द्यायला आमची लेक सरसावली, कारण तिचे पोटच त्यावर चालते. पवनचक्की उभारण्याआधी त्या जागी कोणते पक्षी आहेत हे पाहणाऱ्या एका छोट्या कचेरीत ती आहे. मार्च-एप्रिलमध्ये पहाटेपासून दुर्बीण घेऊन बसायचे, घार कुठून आली, किती उंचीवर उडाली, सगळे टिपायचे.

ही घार म्हणजे रोटमिलान, तांबूस, दुभंगलेल्या शेपटीची. जगातल्या जवळजवळ निम्म्या जर्मनीतच घरटी करतात. घरट्यापासून पवनचक्की दीड किलोमीटर दूर हवी, अशी शिफारस इथल्या सरकारी पक्षीतज्ज्ञांनी २०१५ साली केली होती. २०२२ च्या कायद्याने धोक्याचे वर्तुळ ५०० मीटरचे केले आणि १२०० मीटरपर्यंत तपासणी ठेवली. घारींनी काही सवयी बदलल्या नव्हत्या. युक्रेनचे युद्ध आणि गॅसची टंचाई यांमुळे देशाला वीज हवी होती, आणि २०३२ अखेर दोन टक्के जमीन वाऱ्यासाठी द्यायची असेही त्याच वर्षी ठरले. लेकीची त्याला ना नाही. कोळसा तिलाही नको आहे.

“आणि तुम्हाला पगार कोण देतं?”

मामा जिल्हा परिषदेत तीस वर्षे होते, नेमके बोट ठेवले. पाहणीचे पैसे देतो पवनचक्की उभारणाराच. सरकारी कार्यालय अहवाल तपासते, पण डोंगरावर जाऊन बसलेली असते ती आमची लेक.

“म्हणजे नवऱ्या मुलाची चौकशी त्याच्याच बापाच्या खर्चानं!” मामी म्हणाल्या.

मग लेकीने चाळकेवाडीच्या सड्याचीच गोष्ट सांगितली. तिथला रंगीत गळ्याचा सरडा शास्त्रज्ञांनी २०१६ साली नवी जात म्हणून नोंदवला, सराडा सुपर्बा. ‘सराडा’ हा आपला सरडाच! बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या मारिया ठाकर यांच्या गटाने २०१८ साली दाखवले, की पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौथाईवर आले आणि सरडे वाढले. पण ते हडकुळे आणि निर्धास्त; माणूस जवळ आला तरी पळायला उशीर करणारे. चक्क्या तोवर सोळा-वीस वर्षे फिरत होत्या. आधी विचारायची सक्तीच नव्हती. पर्यावरण-परिणामांच्या २००६ च्या अधिसूचनेत पवनऊर्जेचे नावच नाही.

मामा गप्प झाले. सड्यावर पहिली पवनचक्की लागली तेव्हा गावात पेढे वाटले होते, एवढेच म्हणाले.

“मामाआजोबा, इथं विचारतात, पण विचारणाऱ्याला उत्तर काय हवंय ते आधीच कळतं,” लेक म्हणाली. या वसंतात एका जागी तिला साडेचारशे मीटरवर घरटे दिसले होते. ‘बहुधा जुने’ असे लिहिता येईल का, असा फोन आला. दमदाटी नव्हती, अगदी गोड बोलणे. घार काटक्या नेताना तिने दोनदा पाहिली होती. तिने तारीख, वेळ आणि पाहणीचे तास लिहिले. दोन दिवस दाट धुके होते, त्या दिवशी काहीच दिसले नाही, तेही लिहिले. ‘बहुधा’ मात्र लिहिले नाही.

“मग?” आम्ही दोघांनी एकदमच विचारले. आम्हालाही हे नवीनच होते.

“अहवाल गेला. पुढच्या हंगामाचं काम अजून आलेलं नाही.”

मामींनी उरलेले थालीपीठ तिच्या हातात ठेवले. उतरताना रोप-वेतून दरीवर एक घार दिसली. शेपटी दुभंगलेली होती का, यावर मामा आणि लेक खालपर्यंत वाद घालत होते. मामींनी या वेळी डोळे उघडे ठेवले होते.