चालतंय काय?

गारगोटीजवळच्या एका माध्यमिक शाळेत लेखनाविषयी बोलण्यासाठी आम्ही दोघे जुलैत गेलो होतो. बाहेर शिवारात भाताची रोपलावण चालू होती. नववीच्या मुलांना आम्ही म्हटले, "कालच्या पावसावर दहा ओळी लिहा." पेने उघडली आणि थांबली. एकाने विचारले, "सर, ह्यो निबंध गाईडात हाय?" अर्ध्या तासाने वह्या आल्या, तेव्हा बहुतेकींत धरतीने हिरवा शालू नेसलेला होता. शेतातला चिखल कुणाच्याही वहीत उतरला नव्हता.

'मराठीचं काय, वाचलं की येतंय', असा घरादाराचा समज असतो. शिकवणी लागते ती गणिताची आणि इंग्रजीची. तरीही कोऱ्या कागदाची धास्ती मराठीच्याच तासाला दिसते. दहावीच्या ८० गुणांच्या कृतिपत्रिकेत उपयोजित लेखनाला २४ गुण आहेत. शिवाय स्वमताचे प्रश्न आहेत. मुले स्वमतही पाठ करून येतात. आपले मत बरोबर असू शकते, यावर त्यांचा विश्वासच नसतो.

जे. पी. नाईकांनी मौनी विद्यापीठाच्या रूपाने ग्रामीण शिक्षणाचा प्रयोग याच गारगोटीत उभा केला. पुढे १९६४-६६च्या कोठारी आयोगाचे ते सदस्य-सचिव होते. मातृभाषेतून शिक्षणाचा आग्रह आयोगाने धरला. परंतु इथल्या मुलाची मातृभाषा आणि पुस्तकातली मराठी यांच्यामध्ये एक उंबरठा आहे, आणि तो ओलांडतानाच मूल मुके होते.

एका मुलीने मात्र हळूच विचारले होते, "आमच्या घरात बोलत्यात तसं लिवलं तर चालतंय काय?" आम्ही हो म्हटले. तिने लिहिले, 'आजीचं इरलं वाऱ्यानं उडालं. तिनं हातातली पेंडी सोडली न्हाई.' त्या दिवशीच्या साऱ्या वह्यांत पाऊस फक्त या दोन ओळींत पडला होता. आणि आमच्या लाल पेनाने सवयीने 'न्हाई'भोवती वर्तुळ काढले.

प्रमाण लेखन शिकवायला हवेच. तो आमचा व्यवसाय आहे. पण आधी आजीविषयी विचारायला हवे होते. हीच मुले उद्या महाविद्यालयात येऊन आमच्याकडे नोट्स मागतील, आणि आम्ही त्या मुकाट्याने देऊ. वही परत घेताना त्या मुलीने ओळी वाचल्या नाहीत. ती वर्तुळाकडेच पाहत राहिली.