योद्धा या शब्दाआड

साथीच्या काळाने मराठीला 'कोरोना योद्धा' हा शब्दप्रयोग दिला. ३ मे २०२० रोजी सैन्यदलांच्या हेलिकॉप्टरांनी रुग्णालयांवर पुष्पवृष्टी केली, तेव्हा त्यावर जणू राजमान्यतेची मुद्रा उमटली. गौरवाचा शब्दही माणसाचे तोंड बंद करू शकतो, हे मला पुढे भाचीमुळे उमगले.

ती तेव्हा एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला होती. टाळेबंदी आली, वसतिगृह रिकामे झाले, आणि रुग्णाच्या पोटावर हात ठेवून शिकायची विद्या ती तालुक्याच्या गावी, रेंज मिळेल त्या कोपऱ्यात, मोबाइलच्या पडद्यावर शिकू लागली. रुग्णाची 'हिस्ट्री' घेणे हा या शिक्षणाचा पाया. माणसाला आपली कहाणी सांगू द्यायची आणि तीत आजार शोधायचा. साहित्याच्या अभ्यासकाला हे परके वाटू नये. शिवाय वॉर्डात विद्यार्थी एकटा नसतो. पहिला मृत्यू पाहून सुन्न झालेल्याला कुणी सीनिअर कँटीनमध्ये नेऊन चहा पाजतो. अभ्यासक्रमात नसलेला हा आधार पडद्यावरून मिळत नव्हता.

बरोबर एका वर्षाने, ३ मे २०२१ रोजी, केंद्र सरकारने नीट-पीजी परीक्षा किमान चार महिने पुढे ढकलली. इंटर्न डॉक्टरांना कोविडच्या कामावर घ्यावे आणि अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांना, प्राध्यापकांच्या देखरेखीखाली, सौम्य लक्षणांच्या रुग्णांना दूरध्वनीवरून सल्ला देण्याचे काम सोपवता येईल, असे ठरले. निकड खरीच होती. भाचीला रोज फोन करण्यासाठी नावांची यादी मिळू लागली. एके दिवशी यादीतल्या एका आजोबांनी फोन उचलला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांचे नावच यादीत नव्हते. ते बरे झाले, रुग्णालयात गेले की वारले, हे तिला कधीच कळले नाही.

"मामा, रडू आलं असतं तर बरं झालं असतं. पण कुणासाठी रडायचं तेच ठाऊक नव्हतं," ती पुढे एकदा म्हणाली. त्याच आठवड्यात गल्लीतल्या मंडळाने 'आमची योद्धा' म्हणून तिचे छायाचित्र फलकावर लावले होते.

योद्ध्याने भीती बोलून दाखवायची नसते. परीक्षा केव्हा, पदवी केव्हा, हाताला पुरेसे वळण लागले आहे का, ही धास्ती त्या पिढीतल्या अनेकांनी त्या फलकामागेच ठेवली. त्यांच्यासाठी 'शिकाऊ' हा जुना शब्द अधिक खरा होता, असे मला वाटते. शिकाऊ माणसाला घाबरण्याची मुभा असते, आणि शेजारी कुणीतरी जाणते उभे असेल ही अपेक्षाही त्या शब्दातच असते.